गंजातला चीक

मी दुपारी आडवी होत नाही, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायची. कोणी विचारलं नाही तरी सांगायची. नागपूरच्या मे महिन्यात जिथं गाढवंसुद्धा भिंतीच्या सावलीला जाऊन उभी राहतात, तिथं मी एक वाजता चवळी निवडायला बसायची. बाईनं दुपारी पाठ टेकली की घराची बरकत जाते, असं माझ्या माहेरी म्हणत. कोणत्या शहाण्यानं काढलं होतं कोण जाणे, पण मी ते गाठीला बांधून सासरी आले.

धाकट्या जावेची गोष्ट वेगळी होती. तिला दोन महिन्यांची मुलगी होती आणि पोर रात्रभर जागवायची. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तिला स्वतः सांगायच्या, "जा वं, पोरीजवळ पड घडीभर." ती निजायची, आणि उठली की तोंडावर कशी टवटवी असायची! धडाधड वीस पोळ्या लाटून मोकळी. मी तोवर ताठ बसून अर्धमेली झालेली असायची, आणि माझ्या भाजीत मीठ दोनदा पडायचं. तरी काम मीच जास्त करते असं मला वाटे. खरं सांगते, मला तिच्या कामाचा नाही, झोपेचा हेवा होता. मला कोणी "पड" म्हणत नव्हतं, आणि कोणी म्हटलं असतं तरी मी पडले नसते. आता काय म्हणावं या अकलेला!

त्या वर्षी कुरोड्या, म्हणजे गव्हाच्या कुरडया, घातल्या. तीन दिवस गहू भिजवला, चौथ्या दिवशी सकाळी वाटून, गाळून चीक काढला आणि मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, निवळायला ठेवला. दुपारपर्यंत चीक तळाशी बसतो. मग वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं, ताजं पाणी घालायचं, की पहाटे शिजवायला तयार. आळीतल्या पाच जणी पहाटे हात लावायला येणार होत्या.

दुपारी आत्याबाई समोरच्या खोलीत वाळ्याच्या ओल्या ताटीमागं लवंडल्या होत्या, जाऊ मधल्या खोलीत पोरीजवळ झोपली होती. मी पहाटे चारपासून उभी. मोरीशी बसले, गंज कलता केला, वरचं पिवळट पाणी वाहू लागलं. आणि माझा डोळा लागला. बसल्या बसल्या, गंज हातात धरून. किती वेळ, देव जाणे. जाग आली तेव्हा मोरीतून दुधासारखी पांढरी धार चालली होती आणि गंजाच्या बुडाशी बोटभर चीक उरला होता.

मी काय केलं? मोरी धुतली. गंजात पाणी भरलं, वर ताट झाकलं आणि तांदूळ निवडत बसले.

संध्याकाळी आत्याबाईंनी ताट उचललं, हात घालून पाहिला. "चीक कुठं गेला वं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तर तांदूळ निवडत होती. पाणी बदलाले मी हिले सांगितलं होतं."

जाऊ पाहतच राहिली. "मले? मले नाही सांगितलं, ताई."

"सांगितलं वं. तू अर्ध्या झोपेत हूं म्हटलं, उठली, पाणी ओतलं अन् पुन्हा जाऊन पडली."

एवढं सविस्तर खोटं मला कसं सुचलं, मला आजही कळत नाही. ती भांडली असती तर मी बहुतेक कबूल केलं असतं. पण ती भांडली नाही. बारीक आवाजात म्हणाली, "झोपेत केलं का मी?"

पहाटे पाच जणी आल्या, रिकाम्या हातानं परतल्या. जाताना एक जण म्हणालीच, "काहून वं, कुरोड्या झोपेनं खाल्ल्या का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्या दिवसापासून जाऊ दुपारी निजली नाही. आत्याबाईंनीही मग "पड" म्हणणं सोडलं. जाऊ पोरीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसायची, डोळे मिटायला लागले की तोंडावर पाणी मारायची. एकदा डुलकी लागली आणि पोर मांडीवरून घसरली. कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच. पण ही दिवसभर रडली. म्हणाली, "ताई, मी झोपेत काहीही करते. मी पोरीजवळ कशी झोपू?" मी टेंगळावर हळद लावत होते. तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "होते असं."

पुढं दीर आणि जाऊ वेगळं बिऱ्हाड करून राहायला गेले. आत्याबाई वारल्या. अठराएक वर्षांनी मी एका उन्हाळ्यात तिच्याकडे गेले. कूलर सुरू होता, मुलगी कॉलेजात, घरात आम्ही दोघीच. मी तोवर दुपारी निजायला शिकले होते. डॉक्टरनं दटावल्यावर शिकले, आणि चार वाजता उठून केलेलं काम कसं सरळ होतं ते कळलं होतं. मी चटई टाकली, म्हटलं, "ये, पड."

"नाही ताई. मले झोपेचा भरवसा नाही."

तेव्हा मी सांगितलं. मोरी धुतली तिथपर्यंत सगळं.

ती चटईच्या कडेला बसली. मग विचारलं, "म्हणजे मी नव्हती ना?"

"नव्हतीस."

"पक्कं?"

"पक्कं."

मग म्हणाली, "आत्याबाई होत्या तेव्हा सांगाले पाहिजे होतं."

दिवाळीत सगळे आमच्याकडे जेवायला आले. पंगत बसली होती. मी सर्वांसमोर सांगितलं, चीक माझ्या हातून गेला होता. दीर हसायला लागले. "आता काहून काढता वहिनी? चार कुरोड्यांची गोष्ट!"

जाऊ वाढत होती. तिनं भातवाढी भांड्यात ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "चार कुरोड्यांची नाही जी."

मग कोणी हसलं नाही. तिनं पुढच्या पानावर भात वाढला.