एकेचाळीस घरांची यादी

सुगंधाबाई तोरसकर नगरपालिकेच्या दवाखान्यात सुईण होती. रत्नागिरीला राहून रीतसर शिकून आलेली, म्हणून पगारी. वीस वर्षांत गावच्या अर्ध्याअधिक पोरांची नाळ तिनं कापली होती आणि प्रत्येकाची नोंद स्वतःच्या हातानं केली होती. वार, वेळ, आईचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा. एखादा रकाना रिकामा राहिला तर तिला घास गोड लागत नसे. बापाचं नाव सांगताना एखादी अडखळली, तरी ही टाक धरून बसून राहायची. "देवाच्या वहीत लिहिलेलंच आहे गो, मग माझ्या वहीत खोटं कशाला?" या खरेपणाचा तिला थोडा गर्व होता. गर्वाचं घर खाली, हे ती दुसऱ्यांना सांगायची.

बंदराखालच्या वाडीत त्या वेळी पुरुष म्हणजे म्हातारे आणि मिसरूड न फुटलेले. बाकी सगळे मुंबईला, गोदीत, गिरणीत, नाहीतर बोटीवर. वर्षाचे अकरा महिने घरं बायकांची. तरी सकाळी वाडीतून चालत गेलं तर अंगणाअंगणात दोरीवर ओलं धोतर दिसायचं. न नेसलेलं धोतर या बायका विहिरीवर नेऊन भिजवायच्या, पिळायच्या आणि रस्त्यावरून दिसेल असं वाळत घालायच्या. घरात माणूस आहे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं म्हणून. सासूनं सुनेला शिकवलेली युक्ती. तिच्याबद्दल मोठ्यानं बोलायचं नाही, हेही शिकवलेलंच.

सुगंधाबाई तेवढी थट्टा करायची. नर्मदेच्या अंगणातून जाताना म्हणायची, "काय गो नर्मदे, आजपण धोतर धुतलंस?"

"धुतलंय बाय," नर्मदा म्हणायची. "घोवापरास धोतर बरा. पिळला तरी बोलत नाय."

नर्मदेचा घोव, म्हणजे नवरा, धोंडू बोटीवर खलाशी. पदरी मूल नाही, घर नवऱ्याच्या नावावर, चार माड आणि एक फणस. धोंडूची पत्रं येतात, असं ती वाडीत सांगायची. गणपतीच्या आधी आपणच काहीतरी वाचून दाखवल्यासारखं करायची.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर वाडीत चोऱ्या सुरू झाल्या. महिन्यात सात घरं फुटली. तांब्याचे हंडे, समया, एका घरातून तर देवाची घंटा नेली. हौसाबाई म्हणून एक म्हातारी आडवी गेली, तिला ढकलून मनगट मोडलं. ते सुगंधाबाईनंच बांबूची कांब लावून बांधलं. चोर होडीनं खाडीपलीकडून येतात, असं लोक म्हणत. पोलीस होते चार, आणि ते गोव्याची दारू शोधण्यात गुंतलेले.

नगरपालिकेनं मग रक्षक दलासाठी सहाशे रुपये मंजूर केले. तेवढ्यात मार्चअखेरपर्यंत चार राखणे, चार कंदील आणि शिट्ट्या बसत होत्या. सगळ्या गावाला काही ते पुरणारे नव्हते. कुणाकडे फिरवायचे, यावर सभेत वाद लागला. प्रत्येक सभासदाला आपल्याच आळीत चोर दिसू लागले. सुगंधाबाई दवाखान्याच्या कामाला आली होती, ती दारातूनच म्हणाली, "ज्या घरात पुरुषमाणूस नाही, तिथे आधी फिरवा. म्हणजे सहाशेचं चीज होईल."

अध्यक्षांना सगळे भाई म्हणत. भाईंनी मान वर केली. "कुठल्या घरात नाही, हे कसं कळायचं? दोऱ्यांवर तर धोतरं दिसतात!" सभा हसली. "बाई, तुम्हाला बायका खरं सांगतील. तुम्हीच यादी करा, आणि दलाची देखरेखही तुमच्याकडेच."

बायकांनी सुरुवातीला दारंच लावून घेतली. "कागदार इला काय चाराचौघांत इला," हौसाबाई म्हणाली. तेव्हा सुगंधाबाई सातेरीच्या देवळात गेली, वाडीतल्या बायकांना बोलावलं आणि देवीच्या उंबऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "हो कागद माज्या ट्रंकेत ऱ्हवतलो. माज्याशिवाय कोणाच्या डोळ्यांक दिसाचो नाय. सातेरीची आण."

मग दारं उघडली. चार दिवसांत एकेचाळीस घरं झाली. घरात कोण, पुरुष कुठं, येतो केव्हा, मागचं दार कसलं, सगळं तिनं वहीत उतरवलं. नर्मदेनं तिला पेज वाढली आणि चुलीकडे बघत म्हणाली, "तेंचा पत्र नाय गो बाय. सात वरसां झाली. बोट एडन बंदराक लागली इतक्याच कळला. कोणाक म्हायत नाय. तू राखण्याक सांग, नर्मदेकडे वायच जास्त बघ. पण ह्या लिवू नको."

"नाय लिवणा," सुगंधाबाई म्हणाली. ती स्वतः विशीत कुंकू गेलेली. न लिहिण्यानं काय वाचतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पण घरी येऊन वही साफ लिहायला बसली आणि त्या एका रकान्याशी हात थांबला. चाळीस घरं भरलेली, एकच मोकळं. 'मुंबईस' असं लिहिलं तर खोटं. वही माझ्याच ट्रंकेत राहणार, असं म्हणून तिनं लिहिलं: 'खलाशी. सात वर्षे पत्ता नाही.' खाली रेघ मारली, वही ट्रंकेत ठेवली, देवाला दिवा लावला.

तीन महिने दल असं चाललं की कुणाला खरं वाटू नये. कोणता राखणा कुठल्या वेळी कुठून जाईल हे ती रोज बदलायची आणि सकाळी दवाखान्यात येऊन त्यांच्या तोंडून सगळं ऐकायची. दर आठवड्याला हवालदाराला गाठून खाडीवरच्या होड्यांची बातमी काढायची. एका राखण्याला माडाखाली झोपलेला पाहिला, तर त्याची शिट्टी काढून हौसाबाईला दिली आणि आठ दिवस वाजवायला लावली. म्हातारी मोडक्या हातानं शिट्टी वाजवी आणि हसे; पुढंही ती तिनं पदराशीच ठेवली. होळीपर्यंत एकही घर फुटलं नाही.

मार्चच्या शेवटी हेडक्लार्क हरिश्चंद्र खानोलकरांनी तिला बोलावलं. "बाई, बिलाला यादी जोडायला हवी."

"यादी खाजगी आहे हो."

"नगरपालिकेच्या पैशात खाजगी काय असतं? मागल्या साली ऑडिटरनं रस्त्यावरच्या कंदिलांवरसुद्धा शेरा मारलाय, कोणासाठी म्हणून. यादी नसेल तर राखण्यांचा मार्चचा पगार निघत नाही. पुढच्या सालची तरतूदही गेली."

चार राखणे, चौघांची घरं. ती दोन दिवस झोपली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वही आणून दिली. "फाइलीतच राहील ना?"

"फाइलीतच," खानोलकर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. वही फाइलीतच राहिली. नक्कल तेवढी बाहेर आली.

त्याच संध्याकाळी सुगंधाबाई धामापूरला बहिणीकडे गेली. चोऱ्या थांबल्या तर भगवतीची ओटी भरीन, असं ती बोलली होती. तळ्यात पाय धुवून तिनं ओटी भरली, पाच दिवस राहिली, देवीसमोर बसून जप केला. ते पाचही दिवस कचेरीबाहेरच्या फळ्यावर 'पुढील वर्षी लाभ देण्याच्या घरांची यादी, हरकती आठ दिवसांत कळवाव्यात' असा कागद लावलेला होता. सुवाच्य अक्षर, रकाने सगळे. नाव, घर नंबर, पुरुष नसण्याचे कारण.

ती परत आली तेव्हा वाडीतल्या दोऱ्या मोकळ्या होत्या. एकाही अंगणात धोतर नव्हतं. फळ्यावर वाचून झाल्यावर कुणाला दाखवायचं? हौसाबाई ओट्यावर बसली होती. तिनं शिट्टी पदराच्या गाठीतून सोडली आणि सुगंधाबाईच्या पायाशी टाकली.

सुगंधाबाई तशीच कचेरीत गेली. खानोलकर म्हणाले, "हरकती मागवल्याशिवाय लाभार्थी मंजूर होत नाहीत. नियम आहे. आणि त्यात खोटं काय लिहिलंय? तुमचंच अक्षर वाचून उतरवलंय."

कागद उतरवायला लावेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. चोरांनी नाही केलं. चोर त्या आठवड्यात फिरकलेही नाहीत. नर्मदेचा दीर बाळा माळगावात राहायचा. त्यानं फळा वाचला, शेवटची ओळ दोनदा वाचली आणि सरळ तलाठ्याकडे गेला. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो माणूस मेलेला धरतात. भाऊ मेला, मुलगा नाही, तर घर आपलं. भावजयीला पोटापुरतं देऊ. कायद्यानं हक्क तिचाच होता, असं पुढं एक वकील म्हणाले. पण तो कायदा लिहून कुणी फळ्यावर लावला नव्हता.

तलाठ्यानं चावडीत सगळ्यांना बोलावलं. भर दुपार होती, वाडीतल्या बायका दाराशी उभ्या. तलाठ्यानं वही सुगंधाबाईपुढे धरली. "बाई, ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"खरी आहे?"

वीस वर्षांत तिनं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. तिनं डोळे मिटले, सातेरीची मनात क्षमा मागितली आणि म्हणाली, "नाही. ती ऐकीव गोष्ट लिहिली मी. धोंडूची पत्रं येतात. मी स्वतः पाहिलीत."

बाळा उसळला. "झूट! माजो सख्खो भाव तो, माका म्हायत नाय आणि हिका म्हायत!"

"शपथेवर सांगाल?" तलाठ्यानं विचारलं.

"सांगेन. सातेरीची..."

"रव गो बाय." नर्मदा पुढं आली. आवाज चढला नव्हता. "परत देवीक मधी घालू नको. तुजी एक आण आमी बघलंव. तुज्या दुसऱ्या आणेर माजो घोव जितो होवक नको." मग ती तलाठ्याकडे वळली. "लिवा. सात वरसां पत्र नाय."

"नर्मदे, घर जातलां गो!" सुगंधाबाई आपली बोली बोलून गेली.

"घर खंयचा ऱ्हवला? माजो घोव वाडीत जितो होतो, तो मी राखलेलंय. तू तेका फळ्यार नेवन मारलंस."

दाराशी कुणीतरी हुंदका दिला. नर्मदेनं दिला नाही. घरी जाऊन तिनं कपाळ पुसलं ते एकटीनं, कुणाला हात लावू दिला नाही. मे संपायच्या आत ती आरोंद्याला भावाकडे गेली. जाताना सुगंधाबाई वाटेत उभी राहिली. नर्मदा गाठोडं दुसऱ्या काखेत घेऊन बाजूनं गेली.

त्या वर्षी वाडीत नऊ बाळंतपणं झाली. सुगंधाबाईला एकाही घरानं बोलावलं नाही. बायका खाडीपलीकडची अडाणी सुईण होडीनं आणत. एक बाळ त्यात गेलं. त्याची नोंद करायला सुगंधाबाई गेली तेव्हा दार उघडलं नाही, नाव आतूनच सांगितलं. ती रोज सातेरीला जायची, पण उंबऱ्याला हात लावायची नाही. बाहेरूनच नमस्कार करायची.

पुढच्या दिवाळीत अंदाजपत्रकात दलाची तरतूद ठेवायची की काढायची, असा प्रश्न आला. भाई म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा यादी फिरवून या. गेल्या वर्षी तुम्ही काम चोख केलंत."

ती गेली. पहिल्या घरात विचारलं, तर आतून उत्तर आलं, "घोव घराकच आसा." दुसऱ्या घरी तेच. चाळीस घरांत तेच, कुणी हसलं नाही, कुणी बस म्हटलं नाही. घरात पोरीशिवाय कुणी नाही हे समोर दिसत असताना तिनं प्रत्येक रकाना त्यांनी सांगितला तसा भरला.

एकेचाळिसावं घर नर्मदेचं. अंगणात बाळा बसला होता, फणस नुकताच तोडून विकला असावा, खोडाचे तुकडे पडले होते. त्यानं तिला पाहिलं आणि पाय न आवरता म्हणाला, "लिवा बाय, लिवा. हयसर पुरुष आसा."

सुगंधाबाईनं लिहिलं. त्या दिवशीच्या वहीतली तेवढी एकच नोंद खरी होती.