ग्वाल्हेरला बियाण्यासाठी

दिवाळी झाली तशी मी ग्वाल्हेरला निघाले, एकटीच. ‘बाईमाणूस एवढ्या लांब?’ असं विचारणाऱ्यांना सांगितलं, की वाफसा काही बाई-पुरुष बघून थांबत नाही. सबंध पावसाळा कोरडा गेला आणि दसऱ्यानंतर आभाळ फुटलं. नगरजवळच्या आमच्या काळ्या रानात पेरण्याजोगी ओल आली, पण घरात पेरायला दाणा नव्हता. आदल्या साली लेव्हीत सरकारनं धान्य नेलं होतं, उरलेलं आम्ही खाल्लं, शेवटी बियाणंही खाल्लं. रेशनवर मिळायची ती किडकी लाल ज्वारी. ती खायलाच जड, पेरणार कुठली!

ग्वाल्हेरला माझी मामेबहीण कुसुमताई असते. तिचा निरोप होता, इकडे कठिया गहू उदंड पिकलाय, ये आणि ने. कठिया म्हणजे आपल्या बन्सी गव्हाचाच भाऊ, ओलीवर येणारा. संस्थानं विलीन झाली, जकातीचे नाके उठले, आता एकच देश, मग अडवणार कोण? असा माझा हिशेब. घरच्यांना रान सोडता येईना, म्हणून मी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नगरहून मनमाडला यावं आणि तिथून दिल्लीकडची गाडी धरावी. बायकांच्या डब्यात जागा मिळते, पण भुसावळनंतर ट्रंकेवर बसायची तयारी ठेवावी. भाकरी दोन दिवस टिकते, दशमी जास्त. झाशीनंतर थंडी बोचायला लागते, घोंगडी वरच ठेवावी. स्टेशनवरून ताईच्या माधवगंजपर्यंत टांगेवाला आठ आणे मागतो, निम्म्यात येतो. सकाळी बेडई खावी, म्हणजे डाळ भरलेली पुरी, बरोबर बटाट्याची झणझणीत भाजी. मी खाल्ली, पण घाईत. आमच्या रानाची ओल रोज एक बोट खाली जात असणार, एवढंच डोक्यात.

कुसुमताईच्या घरात गव्हाची पोती छपराला टेकलेली. मी हात घालून दाणे बघितले आणि मला रडूच आलं.

“अगं, रोती कशाला?” भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, पूर्वी संस्थानच्या धान्यखात्यात कारकून. “घेऊन जा. पण परवान्याशिवाय एक दाणा स्टेशनाच्या पुढे जाणार नाही, एवढं समजून घे.”

“नाके उठले ना?”

“नाके उठले, बंदी नाही उठली.”

दुसऱ्या दिवशी गोरखीच्या, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या, बाजूला एका कचेरीत गेलो. नव्या मध्यभारत राज्याच्या राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. कचेरी नुकतीच इंदुराहून आली होती, आणि व्हरांड्यात दप्तरांचे गठ्ठे बांधलेलेच पडले होते. सही कुणी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊजींच्या जागेवर दुसराच माणूस बसला होता, आणि भाऊजी आपल्याच खात्यात हात जोडून उभे. मला त्यांच्यापेक्षा जास्त लाज वाटली. तीन दिवस खेटे घातले. शेवटी एक साहेब भेटले, स्वभावाने खरंच चांगले.

“साबुत दाना बंद है, बहनजी,” ते म्हणाले. “पिसवा लीजिए। आटा चलेगा।”

“पीठ पेरतात का?” मी मराठीतच ओरडले. भाऊजींनी मला हाताला धरून बाहेर आणलं.

संध्याकाळी शेजारच्या दोघी हळदीकुंकवाला आल्या. निरोपाची ओटी भरताना कुसुमताईने तांदळाऐवजी गहू घातला, आणि ओंजळीने नव्हे, सुपाने. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “ओटी तर कुणी तोलत नाही ना?”

दुसऱ्या दिवशी ती मला घरोघर घेऊन गेली. माधवगंजात आपली मराठी घरं भिंतीला भिंत लागून आहेत. कुणाचे पूर्वज पेशव्यांबरोबर फौजेत आलेले, कुणाचे दप्तरात. मी प्रत्येकीला एकच सांगत होते, “एरंडेल लावलेला नको, त्याच्या उगवणीचा भरवसा नाही.” एकीने जमिनीखालच्या पेवातला काढून दिला. एक म्हणाली, “आमचा जरा बारीक निघालाय या साल, पण बिलकुल साफ आहे हो.” प्रत्येकीची ओटी वेगळ्या खणात बांधली आणि गाठीवर हळदकुंकू लावलं. शेवटच्या दोन घरी गाडीची वेळ झाली म्हणून कुंकू लावायचंच राहिलं.

फलाटावर शिपायाने बोचकं उघडायला लावलं.

“ये क्या है?”

“गोद भरी है,” कुसुमताई म्हणाली. “मायके से बेटी जा रही है।”

“इतनी?”

“पूरे मुहल्ले ने भरी है। खोलके तोलोगे?”

गाडीने शिट्टी दिली. त्याने एकेक गाठोडं हातात घेतलं. हळदकुंकू दिसलं की खाली ठेवायचा. बिनकुंकवाची दोन मात्र त्याने बाजूला काढली. “ये गोद नहीं है,” म्हणाला. त्यात सगळ्यांत टपोरा गहू होता. मी उरलेली गाठोडी उचलून गाडीत चढले.

घरी पोचले तेव्हा वरच्या पट्टीतली ओल उडालेली होती. खालच्या एका एकरात पाभर धरून पेरलं. उगवलं ते विचित्रच, कुठे उंच, कुठे बुटकं, कुसळाचं आणि बिनकुसळाचं शेजारी शेजारी. शेजारी हसायचे. मी मात्र बांधावर उभी राहून ओळखायचा प्रयत्न करायचे, कोणती ओळ कुठल्या घरची.

प्रवासाचं म्हणाल तर ग्वाल्हेरचा किल्ला मी टांग्यातूनच बघितला. तुम्ही जाल तेव्हा वर जाऊन या. मला तिथल्या बायका आठवतात, आणि तो चांगला साहेबही आठवतो, ज्याच्याकडे पिठाशिवाय द्यायला काही नव्हतं.

फाल्गुनात मळणी झाली आणि लेव्हीचा कारकून दारात आला. पेऱ्याची नोंद झाली म्हणजे लेव्ही लागली. बियाणं कुठून आणलं, हे त्याने विचारलं नाही.

“सरकारचा वाटा न्या,” मी म्हणाले. “ही कणगी बियाण्याची आहे.”

“कायद्यात बियाण्याची कणगी वेगळी नसते, बाई.”

घरच्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी कणगीला पाठ लावून खाली बसले. कारकून मापाडी घेऊन शेजारच्या घरी गेला. तो परत येईल म्हणून मी दिवेलागणीपर्यंत उठले नाही.