कापलेली रांग

एडिटरबाईंना ऑफिसात सगळे कात्रीताई म्हणायचे. नवरा गेल्यापासून त्या एकट्या राहत आणि दिवसभर खिडकी नसलेल्या खोलीत पडद्यासमोर बसत. शूटिंगला बाकीचे जायचे. ताईंकडे यायची ती माणसांची नुसती चित्रं.

त्या वर्षी कचऱ्याच्या डोंगरापाशी भंगार वेचणाऱ्या एका बाईवर माहितीपट चालला होता. ताई तिला महिनोन्‌महिने पाहत होत्या. हसू आलं की ती तोंडावर हात धरते, खोटं बोलताना कान चोळते, भूक लागली की जास्तच बडबडते, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. हळूहळू त्या पडद्याला उत्तरं देऊ लागल्या. "अगं, टेक ना जरा!" म्हणायच्या. घरी बोलायला तेवढंही कुणी नव्हतं.

एका प्रसंगात ती पाण्याच्या रांगेत उभी होती. रांग संपता संपेना. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, हे उडवा. लोक कंटाळतील." ताईंनी उडवलं. आता पडद्यावर बाई रिकामा हंडा घेऊन निघाली आणि पुढच्याच क्षणी भरून परतली.

मग तिचं थोडं बोलणं पुन्हा रेकॉर्ड करायची वेळ आली. आवाजाचं काम बघणारा आजारी पडला होता, म्हणून ताईच गेल्या. ती खोपटाच्या दारातच दिसली. जुनी मैत्रीण भेटावी तसं ताईंच्या तोंडून निघून गेलं, "कशी आहेस गं?"

बाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

ताई म्हणाल्या, "मी... फिल्मवाल्यांकडची."

"मग थांबा. टँकर यायचाय."

ताईही रांगेत उभ्या राहिल्या. ऊन डोक्यात शिरत होतं. कॅमेऱ्यातून कधीच न आलेली दुर्गंधी घशात बसली. त्यांनी विचारलं, "प्यायला पाणी मिळेल का?"

पुढची म्हातारी फिसकन हसली. "पाणी असतं तर आम्ही इथे काय हवा खायला उभ्या आहोत?"

टँकर आला आणि या दोघींचा नंबर लागायच्या आत रिकामा झाला. कुणी भांडलंही नाही. घरी आल्यावर बाईने कळशी वाकडी करून अर्धा पेला भरला आणि पुढे केला. ताईंनी तो एका दमात संपवला.

"आणि तुला?"

"मी मघाशीच प्यायले," बाई म्हणाली, आणि तिचा हात कानाकडे गेला.

रेकॉर्डिंग आटोपून परतल्यावर ताईंनी ती रांग पूर्ण जोडली. दिग्दर्शकाशी आयुष्यात पहिल्यांदाच कडाक्याचं भांडण झालं. त्याने दुसऱ्याकडून ती पुन्हा कापून घेतली. फिल्म लागली, टाळ्या पडल्या. ताई मागच्या खुर्चीत बसून होत्या.

सुट्टीच्या दिवशी त्या वस्तीत गेल्या, तर खोपटात दुसरंच कुटुंब होतं. "ती होय? गेली. कुठे ते काही बोलली नाही."

सोमवारी नवं काम आलं. समुद्रातल्या माशांवरची फिल्म होती. त्यात उत्तर द्यावं असं कुणीच काही बोलत नव्हतं.