समुद्राकाठचा भात

कोकणातल्या एका अभयारण्याजवळ, खानावळीत मी भात रांधतो. काल एका सायकलवाल्याने टेबलावर घडीचा नकाशा पसरला आणि त्या कागदाच्या वासाने मी थेट आमच्या गावी, कामठ्याच्या ओसरीवर पोचलो.

नववीतून शाळा सुटली ते वर्ष. मी आणि माझा मित्र देवा सायकलने ओडिशाच्या समुद्रकाठचं जंगल पाहायला निघणार होतो. आमची घराणी तलाव बांधणाऱ्यांची, म्हणून मुक्कामही नकाशात तलाव पाहूनच ठरवले आणि त्यांची यादी केली. जिथे पाणी, तिथे चूल. शेवटच्या मुक्कामापुढे देवाने हौसेने लिहिलं, 'समुद्र. पाणी भरपूर. भात इथेच रांधायचा.'

घरी आलेल्या गुरुजींनी ते चारचौघांत मोठ्याने वाचलं आणि पोट धरून हसले. "शाळा सोडली का असंच होते!"

देवाची मान खाली गेली. माझ्या आईने तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवलं. "हासून काऊन राहिले, गुरुजी? चुकलं असन त सांगा न पोराइले!"

आईचे ते उपकार मी विसरलो नाही. आजही कुणाला काही विचारायची मला भीती वाटते, पण विचारतो. देवाने मात्र त्याच संध्याकाळी यादी फाडली. तेव्हा चूक आमचीच वाटली होती. आता संताप येतो. समुद्राचं पाणी खारं असतं, एवढंच तर सांगायचं होतं!

आज सकाळी देवाला फोन केला. "ये न बे इकडं, समुद्र पाहाले."

"नाई बा," देवा म्हणाला. "तिथं काई चुकीचं बोललो त लोक हासतीन."