पाहुण्यांसाठी झाडलेलं रान

"मॅडम, आम्ही रानात काडीसुद्धा जाळत नाही," असं मी म्हणालो, गाडी वळणावरून पुढे आली, आणि समोर आमच्या रानातून धूर निघत होता.

मी सबनीस मॅडमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो होतो. पहाटे अंधारातच भाजी घेऊन सिरसाळ्याच्या बाजारात गेलो होतो आणि तिथल्या चौकातून त्यांना घेऊन येत होतो, कारण आमच्या वस्तीचा रस्ता फोनमधल्या नकाशाला सापडत नाही. त्या नकाशात आम्ही ओढ्यात राहतो. मॅडम छत्रपती संभाजीनगरच्या. तिथल्या काही सोसायट्यांमधल्या घरांना त्या दर आठवड्याला भाजी पोचवतात. फवारणी नसलेली, रासायनिक खत नसलेली. आणि ज्या रानातून भाजी येणार, ते रान स्वतः फिरून पाहिल्याशिवाय त्या कुणाशी बोलणी करत नाहीत. त्या दिवशी आमची पाळी होती.

"तो धूर कुठला?" त्यांनी विचारलं.

"शेजाऱ्याचा असेल."

शेजाऱ्याचं रान रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, हे त्यांना सुदैवाने माहीत नव्हतं.

गाडी धुरापर्यंत पोचेतो थोडं मागचं सांगतो.

मी शेतकऱ्याचा मुलगा खरा, पण अर्धी जिंदगी परळीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. नांगराचे फाळ विकायचो. मग एका ट्रेनिंगला गेलो आणि तिथे ऐकलं की नांगरटीनेच जमीन थकते. घरी येऊन जाहीर केलं, विहिरीजवळच्या दोन एकरांत आता नांगर बंद. माझी माय म्हणाली, "हलवायानं उठावं अन् साखरेला वाईट म्हनावं, तशातली गत हाय ही."

या पद्धतीला हल्ली रीजनरेटिव्ह शेती म्हणतात. नाव मोठं आहे, काम साधं. माती उकरायची नाही, उघडी ठेवायची नाही, आणि तिच्यात राहणाऱ्या जिवांना खायला घालायचं. उघडी ठेवायची नाही म्हणजे तिच्यावर पांघरूण घालायचं. आमच्याकडे पांघरूण म्हणजे पाचट. ऊस तोडून नेल्यावर जी वाळलेली पानं मागे पडतात, ती. लोक ती पेटवून मोकळे होतात. मी बैलगाडी जुंपून लोकांकडून मागून आणतो आणि भाजीच्या वाफ्यांवर पसरतो. गावात मला भिकारी म्हणत नाहीत एवढंच. माझ्या तोंडावर म्हणत नाहीत, असं म्हणूया. पण त्या पाचटाखाली माती ओली राहते, गांडुळं येतात, आणि पिकाच्या बारीक पांढऱ्या मुळ्या थेट वर, पाचटाला टेकेपर्यंत येतात. ही माती तयार व्हायला काही वर्षं गेली.

अडचण एकच. हे रान दिसायला घाण दिसतं.

आमच्या भागात माणसाची पारख रानावरून होते. सोयरीक जुळवायला आलेले लोक आधी बांधावर जातात, मग घरात येतात. रान लख्ख असलं की माणूस कष्टाचा. आणि माझी माय म्हणजे पंचक्रोशीतली नावाजलेली खुरपणारी. तिच्या हाताखालून गेलेल्या रानात गवताची काडी सापडायची नाही. अशा बाईच्या पोटी मी जन्मलो आणि तिच्या डोळ्यांसमोर भाजीत कचरा पसरू लागलो. पाचट टाकलेलं रान दाखवणं म्हणजे तिच्या लेखी अंथरुणं न काढता पाहुण्यांना आत बोलावणं.

शेवटी मायचं आणि माझं ठरलं. या हंगामात भाजीला कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर उन्हाळ्यात ट्रॅक्टर घालून सगळं नांगरायचं आणि कापूस लावायचा. मी हो म्हणालो, कारण मला बोलायला तोंड नव्हतं. सिरसाळ्याच्या बाजारात आमचा पालक इतरांच्या पालकाशेजारी बसला की दोघे सख्खे भाऊ दिसायचे. पांघरुणाची गोष्ट ऐकायला तिथे कुणाला वेळ होता?

म्हणून सबनीस मॅडमचा फोन आला तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. आणि त्याच आनंदात आदल्या संध्याकाळी मायला सांगून बसलो, "उद्या शहरातून मोठ्या मॅडम येनार हायत. आपलं रान बघायला."

एवढंच सांगितलं. एवढंच पुरलं.

गाडी थांबली. बांधावर भावकीतल्या सगळ्या बाया पदर खोचून उभ्या होत्या. कुणाच्या हातात दाताळं, कुणाच्या हातात खराटा. माय सगळ्यात पुढे. वाटेवर सडा टाकलेला, आणि विहिरीच्या बाजूचं निम्मं रान असं स्वच्छ, की वाफ्यांवरून हात फिरवावा. पाचट बांधावर ढिगात. ढिगाच्या एका टोकाला आग.

"या म्याडम, या!" माय म्हणाली. "सुदाम म्हनला रान बघाया येनार. म्हनलं, असल्या उकिरड्यात लोकाच्या लेकीला कसं फिरवायचं? तांबडं फुटायच्या आत लागलोत समद्या. बघा, काडी दिसती का?"

काडी खरंच दिसत नव्हती.

मॅडम चहूकडे बघत म्हणाल्या, "सुदामराव, ते आच्छादन म्हणत होतात ते..."

"ते काय," मी ढिगाकडे बोट दाखवलं. "थोडं वरही गेलंय."

मग मी पळालो. आग ढिगात शिरण्याआधी विझवायला हवी होती. मोटार चालू करावी तर लाइट नव्हती. समोर प्लास्टिकचा ड्रम दिसला, भरलेला. मी बादली बुडवली आणि ओतत सुटलो. तिसऱ्या बादलीला लक्षात आलं की हे पाणी नाही, जीवामृत आहे. म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून आंबवलेलं पातळ खत. आठवडाभर ढवळून मी ते पिकासाठी तयार केलं होतं. आग विझली. वास उठला. मॅडमनी ओढणी नाकाला लावली आणि बायांनी पदर.

"आरं, पानी मागितलं असतं तर दिलं नसतं का?" गयाकाकू म्हणाली. ही माझी चुलती. टोमण्यात तिची जीभ मायच्या खुरप्याइतकी चालते.

माझी बायको शोभा स्वयंपाक सोडून धावत आली. रान बघितलं, मला बघितलं, आणि हळूच म्हणाली, "आवं, तोंड मिटा. माशी जाईल."

"तुला दिसलं न्हाई का हे?"

"मी चुलीपुढं. मला वाटलं तुमीच सांगितलं झाडायला."

मॅडमनी वाफ्यांमधून एक फेरी मारली. "छान, स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. माय फुलली. मी नाही, कारण स्वच्छ रानं त्यांनी पुष्कळ बघितली असणार, आणि स्वच्छ रान बघायला त्या एवढ्या लांब आल्या नव्हत्या. पलीकडची पट्टी अजून झाडायची राहिली होती. मी त्यांना तिकडे चला म्हणालो. त्यांनी घड्याळ बघितलं.

"नाही, निघते. जाताना उमापूरलाही एक शेत बघायचंय."

संपलं, मी मनात म्हणालो. डोळ्यांपुढे ट्रॅक्टर उभा राहिला. त्याला बहुतेक मीच विकलेले फाळ लावलेले.

"निघते म्हंजी?" मायने त्यांचं मनगटच धरलं. "न जेवता? अन् लोकं आमाला काय म्हनतील?"

"आजी, खरंच उशीर होतोय."

"हुऊ द्या. भाकरी थापलीय. गरम हाय."

मायने धरलेलं मनगट सुटत नसतं. मॅडम जेवायला बसल्या. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, ठेचा, दही. "अर्धीच घ्या," म्हणत माय प्रत्येक वेळी पूर्ण भाकरी वाढत होती. मी समोर बसून आच्छादनाचे फायदे सांगत होतो. गांडुळं, ओलावा, मातीतली बुरशी. मॅडम मान हलवत होत्या. मायच्या भाकरी आणि माझं भाषण, दोन्ही त्यांना गिळायला जड जात होतं. त्या जेवण लवकर संपवू बघत होत्या आणि माय संपू देत नव्हती. उन्हाळा नुकता लागला होता, पण घराच्या पत्र्यावर ऊन असं तापलं होतं की पत्रा कडकड वाजत होता.

एकदाच्या त्या उठल्या. हात धुतले. गाडीची चावी काढली.

"थांबा जरा," माय म्हणाली. "वानोळा देते."

वानोळा म्हणजे निघालेल्या पाहुण्याला आपल्या रानातलं काहीतरी देणं. आमच्याकडे त्याशिवाय कुणी वाटेला लागत नाही. माय विळा घेऊन पालकाकडे गेली. स्वतः झाडलेल्या लख्ख वाफ्याकडेच गेली, अभिमानाने. आणि तिथूनच ओरडली.

"आगं बया! हे कावून झोपलं?"

आम्ही सगळे धावलो. पालक मातीला टेकला होता. मेथीने माना टाकल्या होत्या. टोमॅटोची पानं लोंबत होती. कोथिंबिरीकडे बघवत नव्हतं.

"सकाळी टवटवीत हुतं की," गयाकाकू म्हणाली. पहिल्यांदा तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मायने एक जुडी कापली, ती हातात मऊ फडक्यासारखी पडली. असला वानोळा दिला तर इज्जत काय राहणार? ती पलीकडे गेली, झाडायच्या राहिलेल्या घाण पट्टीत. तिथे पाचट जसंच्या तसं होतं आणि त्यातून पालक ताठ उभा होता. तिने तिथली जुडी कापली. मग दोन हातांत दोन जुड्या घेऊन बांधावर उभी राहिली. एकदा या हाताकडे बघे, एकदा त्या.

मला कळलं काय झालंय. दाताळ्याने पाचट ओढताना वर आलेल्या बारीक मुळ्या तुटल्या होत्या, आणि उरलेल्यांवर ऊन थेट पडलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं. शोभाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की मी गप्प बसलो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या योग्य वेळी काढलेला चिमटा दुसरा आठवत नाही.

कारण मॅडम स्वतःच बघायला लागल्या होत्या. त्या चपला काढून झाडलेल्या वाफ्याशी बसल्या. मातीवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. मग घाण पट्टीत गेल्या, पाचट बाजूला सारलं, हात आत घातला आणि तसाच ठेवला. बोटांवर माती आली, ओली, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं.

"आजी," त्या म्हणाल्या, "इकडे हात लावून बघा."

मायने बघितलं. दोन्हीकडे. मग उठली आणि तिचा आवाज असा निघाला, की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकली.

"ए गया! उठा गं समद्या! पाचट परत टाकायचं!"

"आत्ताच उचललं की!"

"मंग? उचललं तसं टाका!"

"सकाळी काढा, दुपारी टाका," गयाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सुदाम, तुजं रान हाय का गादी?"

पण सगळ्या लागल्या. पाट्या भरून पाचट निघालं. लाइट आली आणि मी मोटार सुरू केली. मी पाण्यामागे पळत होतो, शोभा वाफे ओले करून देत होती, बाया पाचट टाकत होत्या. "दाट टाका, खोडाला चिकटवू नका!" मी ओरडत होतो आणि पहिल्यांदाच माझं कुणीतरी ऐकत होतं. इतकी वर्षं मी या बायांना समजावत होतो, आणि आता त्याच एकमेकींवर खेकसत होत्या, "आगं, ती माती उघडी पडली बघ, झाक!" मला इतकं भरून आलं, की पाट्या कमी पडल्या तेव्हा मी अंगातला सदरा काढून त्यात पाचट भरलं. घामावर पाचटाची कूस, म्हणजे बारीक टोचरी लव, चिकटली आणि पुढचे काही दिवस मी अंग खाजवत हिंडलो.

मॅडमनी ओढणी कमरेला बांधली आणि गयाकाकूसमोर पाटी धरली. मध्येच फोन आला. "आज उमापूरला जमत नाही," त्या म्हणाल्या. "नंतर कळवते." मी ते ऐकलं आणि रिकामी पाटी भरलेली समजून डोक्यावर घेतली.

ऊन उतरलं. आम्ही सगळे बांधावर बसून पालकाकडे बघत होतो. दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसे. सगळ्यात आधी टोमॅटोची वरची पानं सरळ झाली. मग एक मेथी, मग शेजारची. पालकाने अंधार पडायच्या थोडं आधी मान उचलली, तीही अर्धवट. माय उठून प्रत्येक वाफ्यापाशी जाऊन आली. कोथिंबीर गेली ती गेलीच.

मॅडम गाडीशी उभ्या राहून म्हणाल्या, "सुदामराव, शेतकरी मला जे दाखवतात ते मी बघते. आज तुम्ही जे दाखवणार नव्हतात, ते बघायला मिळालं. पुढच्या आठवड्यापासून पालक, मेथी, वांगी पाठवा. टोमॅटोला फळ धरेपर्यंत थांबू. आणि कोथिंबीर..."

सगळ्यांनी त्या वाफ्याकडे बघितलं.

"कोथिंबीर राहू द्या."

मायने घाण पट्टीतला वानोळा त्यांच्या मागच्या सीटवर ठेवला. "पुढच्या टायमाला येताना सांगून या हं," ती म्हणाली. "म्हंजी जरा आवरून ठिवते."

भाजी आता नियमित जाते. रानात ट्रॅक्टर आला नाही. या धंद्यात माती, पाणी, ऊन यांचा अभ्यास करावा लागतो हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. घरी पाहुणे येणार हे कुणाला कधी सांगावं, हे शिकवलं नव्हतं. मॅडम अधूनमधून रान बघायला येतात, आणि न सांगता येतात. त्यांच्याशी बोलणी करताना मी ती एकच अट घातली.