मामाच्या दोन लेकी

माझ्या थोरल्या भावाचं लग्न मामाच्या थोरल्या मुलीशी झालं. त्याच मांडवात मामानं आईला शब्द दिला की धाकटी धाकट्याला. धाकटा म्हणजे मी. तेव्हा मी संगमनेरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मामाची धाकटी अजून परकर-पोलक्यात करवली म्हणून मिरवत होती. आम्हा दोघांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नाही. मामाची मुलगी हक्काची, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

आमचं गाव कोल्हारजवळ, मामाचं प्रवरेच्या पलीकडे. नदी उतरली की आई पायीच माहेरी जाऊन यायची. "परक्याची पोर आनायची आन् तिला आपलं करन्यात निम्मा जन्म घालवायचा," ती म्हणायची. "ह्या दोघी तर जलमापासनं आपल्याच हाईत." वहिनीही तिला सासूबाई म्हणत नसे, आत्याच म्हणायची. दोघींचं पटायचंही तसंच. एका ताटात जेवत.

वर्ष-दीड वर्षात भावाला मुलगा झाला. पाच-सहा महिने तो चांगला बाळसेदार होता. मग त्याचा रंग उतरायला लागला. पहिल्यांदा ते वहिनीच्या ध्यानात आलं. "प्यायला लागला की दमतोय," ती म्हणाली, "मधीच तोंड सोडून धापा टाकतोय." गावात आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी पोराच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणाले आणि लोहाचं औषध दिलं. बाटल्यांमागून बाटल्या संपल्या. नुकते आलेले दात काळे पडले, पण रंग काही आला नाही. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र डाव्या बाजूनं फुगलेलं.

"पानथरी वाढलीय," शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, म्हणजे प्लीहा. त्यावर डाग देणारा एक माणूस चार कोसांवरच्या गावात होता. भाऊ उसाला पाणी द्यायला गेलेला असताना आई आणि वहिनी पोराला घेऊन तिकडे गेल्या. मी शनिवारी घरी आलो तेव्हा त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग होते आणि वहिनी त्याला पदराखाली न घेता मांडीवर उताणं ठेवून बसली होती, कारण पोटाला कपडा लागला की ते किंचाळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही त्याला नगरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त द्यावं लागेल असं सांगितलं. भावाचं जुळलं. त्या काळात रक्त दिलं की माणूस कायमचा कमजोर होतो अशी समजूत होती. आईनं हात जोडून, माझं घ्या म्हणून डॉक्टरांची विनवणी केली. भावानं शर्टाची बाही वर केली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळपर्यंत पोराचे ओठ लाल झाले. त्यानं पेज मागून खाल्ली. वहिनी हसली, आणि मग पदरात तोंड घालून बराच वेळ रडली. आम्हाला वाटलं, सुटलो.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा पांढरा पडला. पुन्हा नगर, पुन्हा रक्त. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "याला पुण्याला न्या. हे साधं नाही."

पुण्याच्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. वयानं आईएवढ्या, बोलायला शांत. त्यांनी पोराला तपासलं, त्याच्या रुंद झालेल्या गालफडांवरून बोट फिरवलं आणि भावाला विचारलं, "लग्नाआधी तुमचं दोघांचं नातं होतं का काही?"

"मामाची पोरगी हाय," भाऊ म्हणाला.

बाईंनी मान हलवली. त्यांनी भावाचं आणि वहिनीचंही रक्त घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"धाकटा भाऊ."

"लग्न झालंय?"

"न्हाई. ठरलंय. हिच्याच बहिनीशी."

"मग यांचंही देऊन जा," बाई म्हणाल्या.

आठवड्यानं मी आणि भाऊ दोघंच निकाल घ्यायला गेलो. बाईंनी आम्हाला बसवून घेतलं. कागदाच्या ओल्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून त्यातून वीज सोडतात, मग रक्तातला लाल रंग वेगवेगळा होऊन दिसतो, असं त्यांनी सांगितलं. रोगाचं नाव थॅलेसेमिया. भावाला ते नाव शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.

"तुमच्या रक्तात अर्धा दोष आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या बायकोच्याही आहे. अर्ध्यानं माणसाला काही होत नाही, तो आयुष्यभर धडधाकट राहतो. पण दोघांकडचं ते अर्धं एकाच मुलात आलं की असं होतं. तुमच्या आजोबांच्या नाहीतर आजीच्या रक्तात ते असणार. तिथून ते तुमच्या आईत आणि मामात आलं."

"मग आता?"

"रक्त देत राहायचं."

"कवर?"

"तो आहे तोवर," त्या म्हणाल्या.

भावानं पुढचं मूलही असंच होईल का म्हणून विचारलं. होईलच असं नाही, पण होऊ शकतं, आणि पोटात असताना ते कळायची सोय नाही, असं उत्तर मिळालं. मग बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या रक्तात काही निघालं नव्हतं. भावाकडे गेलं ते माझ्याकडे आलं नव्हतं, यापलीकडे त्याला काही कारण नव्हतं.

परतताना सुप्याला गाडी थांबली. भावानं खाली उतरून तोंड धुतलं आणि वर येऊन मला म्हणाला, "आईकडनं आलं असं घरी सांगू नको." पण आईनं बसवून विचारलं, दोनदा, तीनदा, आणि तिला खोटं सांगणं भावाला जमलं नाही. ती ऐकून घेऊन उठली आणि गोठ्यात गेली. तिनं मामालाही निरोप धाडला असावा, कारण चार दिवसांनी तो आला. धाकटीचंही रक्त बघून घ्यावं, असं भावानं भीत भीत सुचवलं. मामा ओट्यावरून उठलाच. "माझी लेक काय बाजारातली गाय हाय, दात बघून घ्यायला?" तो म्हणाला. "उद्या चार गावात झालं, की हिचं रक्त तपासलं, तर तिला कोन करील?" त्याचंही खोटं नव्हतं.

पोरगा साडेतीन वर्षांचा झाला. दर महिन्याला नगर. त्याला एसटी फार आवडायची. कंडक्टरकडून तो फाटकी तिकिटं मागून घ्यायचा आणि वॉर्डात सुई टोचायला आलेल्या नर्सबाईंना त्यातलं एक द्यायचा. भावाचं आणि माझं रक्त पुरेना तेव्हा मी कॉलेजातल्या मित्रांच्या पाया पडलो. दोघं आले, बाकीच्यांच्या घरच्यांनी येऊ दिलं नाही. गावातून एकही आला नाही. दुष्काळाचं साल लागलं होतं. माणसं खडी फोडायच्या कामावर होती, त्यांच्या अंगात देण्याएवढं रक्त तरी कुठून असणार? त्या उन्हाळ्यात पोराला ताप आला. नगरला नेईपर्यंत त्याला श्वास घेता येईना. बाटली लावली होती, निम्मी आत गेली होती, तेवढ्यात तो गेला. नर्सबाईंनी सुई काढली तेव्हा वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना. अजून रगत शिल्लक हाय."

पोरगा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात आईनं विषय काढला. भाऊ जेवायला बसला होता. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टरीन म्हनली हुती ना," आई म्हणाली, "दोघांचं मिळून हुतं. एकट्याच्या दोषानं काई हुत न्हाई."

"मग?"

"मग दुसरीकडची केली तर तुझी पोरं चांगली निपजतील. हिला कुटं घालवायची न्हाई. ही माझ्या भावाची हाय, ही हितंच ऱ्हाईल. पन वंश बुडवायचा का?"

पुण्याच्या बाईंनी सांगितलेल्यातलं एवढंच आईनं नेमकं धरलं होतं, आणि ते चूकही नव्हतं. चुलीकडचा थापण्याचा आवाज थांबला होता. भाऊ ताटावरून उठला.

आई थांबली नाही. तिनं राहुरीकडचं एक स्थळ काढलं. पाहुणे येऊन गेले. वहिनीनंच त्यांना चहा दिला. त्यानंतर पंधरा दिवसांत तालुक्याला नसबंदीचं शिबिर लागलं. भाऊ सकाळी बैल सोडून, कपडे करून गेला. मूलबाळ नसलेल्याची शस्त्रक्रिया करत नसत. पण तिथं त्यानं तीन मुलं जिवंत आहेत, धाकटा मुलगाच आहे, असं सांगितलं. नावंही सांगितली म्हणे. तिन्ही. कुठली ते मी त्याला कधी विचारलं नाही.

संध्याकाळी पाय फाकवून चालत तो घरी आला आणि ओट्यावर आडवा झाला. आई कळशी घेऊन बाहेर येत होती. "आता पोरगी बघू नको कुनाची," तो तिला म्हणाला. "मी मोकळा होऊन आलोय." आईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि कुणी मेल्यावर रडतात तशी मोठ्यानं रडायला लागली. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. काय झालं ते त्यांना सांगायचीही सोय नव्हती. वहिनीनं आईच्या हातातली कळशी काढून घेतली. मग पाणी तापवून ते भावापाशी ठेवलं. त्या रात्रीपासून, पोरगा गेल्यावर नावापुरतं उरलेलं तिचं जेवणखाण हळूहळू पूर्वीसारखं झालं.

आता घरात उरलो मी. माझं रक्त चांगलं निघालेलं. आईनं ते बरोबर हेरलं आणि पुन्हा नदीपलीकडे गेली. मामाशी तिचं काय बोलणं झालं माहीत नाही, पण परतली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. "तिचं तपासायचं कारनच न्हाई," ती म्हणाली. "याचं चांगलं हाय ना? मग एकाचं अर्धं येऊन काय करनार?" मामा तयार होता. मीही तयार होतो. खरं सांगायचं तर नुसता तयार नव्हतो. पोराच्या आजारपणात धाकटी महिना महिना आमच्याकडे येऊन राहायची, वहिनी नगरला असली की घर सांभाळायची. त्या काळात मला ती आवडू लागली होती. परकर-पोलक्यातली ती आता राहिली नव्हती. ती बोलायची कमी, पण बोलली की तिचं बोलणं दिवसभर डोक्यात राहायचं.

नाही म्हणाली ती वहिनी.

तारीख काढायला मामा आला तेव्हा ती आतून बाहेर आली, आणि बापासमोर कधी न बोलणारी ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझी बहीन या घरात येनार न्हाई."

"अगं पन कागद हाय," आई म्हणाली. "डॉक्टरनीच सांगितलंय."

"कागद खरा असंल, आत्या." मग ती माझ्याकडे वळली. "भावजी, तुमच्यात खोट न्हाई, मला ठावं हाय. पन तिला पोर झालं की तुमी सगळी काय करनार? उठल्या उठल्या त्याच्या पापन्या वडून बघनार. मी बी बघनार. जरा कमी प्यालं की आत्या नदीपार सांगावा धाडनार. तिनं पोराशी खेळायचं कवा? आन् तेवढं करून बी ते चांगलं निघालं, तर ते मांडीवर घेऊन ती माझ्यापुढं बसनार. मला सोसायचं न्हाई ते. मी वाईट हाय म्हना."

मामानं टोपी घातली आणि तो निघून गेला. वहिनीला अडवायचा हक्क घरातल्या कुणालाच नव्हता, हे आईलाही उमगलं असावं. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. काही दिवस तिनं वहिनीशी बोलणं सोडलं होतं, मग कामाच्या रगाड्यात तेही आपोआप सुरू झालं.

धाकटी मला एकदाच भेटली, कोल्हारच्या स्टॅंडवर. मी संगमनेरच्या गाडीची वाट पाहत होतो, ती बाजार करून परतत होती.

"अक्काचं ऐकलं तुमी," ती म्हणाली.

"काय करनार? तिच्यापुढं काय बोलू?"

"मी बी न्हाई बोलले." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमचं चांगलं निघालं. माझं कसं हाय, कुनाला ठावं. बाबा तपासू देत न्हाईत. नवऱ्याला सांगू नको म्हनत्यात. कायच झालं न्हाई असं वागायचं."

"तुझं काही वाईट होनार न्हाई," मी म्हणालो.

"तुमाला काय ठावं?" ती म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं, कुणी सांगणारा माणूस भेटायला हवा होता. माझी गाडी आली.

मामानं तिला पारनेरकडच्या कोरडवाहू गावात दिली. नात्यातलं स्थळ नव्हतं, त्यांना आमच्याकडचं काहीच माहीत नव्हतं. लग्नाला आम्ही सगळे गेलो. भाऊ पाहुण्यांचे बैल बांधण्यात होता, आई सवाष्णींच्या ओट्या भरत होती, वहिनी बहिणीच्या पाठीशी शेवटपर्यंत उभी होती. मी पंगतीत बुंदी वाढली. नवरा मुलगा उंच, हसरा होता. त्यानं मला हातानं पुरे पुरे म्हणून खुणावलं, तरी मी आग्रहानं त्याच्या पानात आणखी वाढलं. निघताना धाकटी सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यापुढे आली तेव्हा खाली वाकली आणि मी पाय मागे घेतले. वहिनीनं तिला दंडाला धरून उठवलं आणि गाडीत बसवलं.