रस्त्याकडे पाठ करून बसलेला

पाचोऱ्यातल्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत पाच माणसं आहेत आणि त्यांतल्या एकाबरोबरही मला आनंदाने चहा प्यावासा वाटत नाही. त्या पाचांत मीही आलो. मी लीलाधर, चिटणीस. पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झालो, अक्षर बरं आहे, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हे लिहितोय ते जब्बार पेंटरबद्दल. इतिवृत्तात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे आणि ती माझ्या अक्षरात आहे.

जब्बारला गावात कोण ओळखत नाही? चाळीस वर्षं बियाण्यांच्या दुकानावरची कपाशीची बोंडं, रसवंतीवरचा बैल, दवाखान्यांच्या पाट्या, लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंचे भालदार-चोपदार, सगळं त्याच्या हातचं. माणूस तिरसट. काम चालू असताना मागे उभं राहून कोणी अक्कल शिकवली, की ब्रश त्याच्या हातात द्यायचा, "ले, तूच काढ," म्हणायचा आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसायचा. गिऱ्हाईकाने हात जोडले तरच परत यायचा. मला तो आवडायचा, कारण मला आयुष्यभर कुणाच्या हातात पेन देऊन उठून जाता आलं नाही.

मग फ्लेक्स आले. पाट्या उतरल्या. लग्नघरांच्या भिंती तर पुढच्या दिवाळीला चुन्याखाली जातातच. एकदा टपरीवर तो मला म्हणाला, "नाना, अफरीननी पोर इचारस, तुमी काय काढं ते माले दखाडा. तिले काय दखाडू? बठ्ठं पुसाई गयं." अफरीन त्याची मुलगी, दोंडाईच्याला दिलेली. तिची पोर सात वर्षांची. चाळीस वर्षांच्या कामातलं या नातीला दाखवण्याजोगं हातभरही शिल्लक नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं.

त्याच वर्षी आमच्या वाचनालयाला पंच्याहत्तर वर्षं झाली. व्याख्यानाला जिवंत माणसं येत नाहीत, म्हणून अध्यक्ष भूपेंद्र सरांनी मेलेल्यांना बोलवायचं ठरवलं. रस्त्याकडच्या भिंतीवर थोरांची चर्चासभा रंगवायची. इतिहासातली सात माणसं एकत्र बसून बोलतायत, असं चित्र. कल्पना चांगली होती. ती आमच्या हातात पडली, हे तिचं दुर्दैव.

सात नावं ठरवायला आम्हाला चार महिने लागले. मुलीसाठी स्थळ बघताना जी चौकशी आधी करतात, तीच चौकशी आम्ही अशोकापासून सगळ्यांची केली. हा कुणाचा? मग आमचा का नाही? तुमचे दोन, आमचा एकच? हा माणूस काय बोलेल, शेजारच्याशी त्याचं कुठे जुळेल, कुठे खटका उडेल, यावर चार महिन्यांत एक वाक्य कुणी बोललं नाही. कापड दुकानवाले चुडामण आबा आणि सिमेंटवाले रुपचंदभाऊ तर एकमेकांचे दिवंगत वाडवडील काढण्यापर्यंत गेले. शेवटी सम्राट अशोक, अहिल्यादेवी, शाहू महाराज, इंग्रजांशी लढलेला भिल्ल पुढारी खाज्या नाईक, गाडगेबाबा अशी नावं दमून भागून ठरली. सर्वधर्मसमभाव दिसावा म्हणून मलिक अंबर घेतले. आणि कोणीच कुणाचं ऐकेना तेव्हा निवृत्त शिक्षिका कोकिळाताईंनी सॉक्रेटिस सुचवला. तो पाचोऱ्यात कुणाचाच नातेवाईक लागत नसल्यामुळे लगेच मंजूर झाला.

काम जब्बारला दिलं. त्याने एकच अट घातली. खाली कोपऱ्यात त्याचं नाव राहील. "आजपावत कोठेच नाव टाकं नही मी," तो म्हणाला. "हाई भिंत पुसावाव नही ना? मंग आठे टाकसू. नातले दखाडसू."

"हो हो, त्यात काय," भूपेंद्र सर म्हणाले. मी समोर होतो.

जब्बारने आधी कोळशाने सातही जणांना गादी-तक्क्याला टेकून ओळीत बसवलं. लगेच बोंब. मधे कोण? कडेला कोण? चुडामण आबा दुकानातला टेप घेऊन आले आणि डोकी मोजायला लागले. एकाचा फेटा दुसऱ्यापेक्षा चार बोटं वर निघाला. जब्बारने टेपकडे बघितलं, ओल्या फडक्याने सगळी भिंत पुसली आणि टपरीवर जाऊन बसला. हात जोडायला मलाच पाठवलं.

परत आल्यावर त्याने त्यांना गोल बसवलं. गोलात पहिला नाही, शेवटचा नाही. सगळे खूश झाले, पण अर्धा दिवसच. कारण माणसं गोल बसवली की कुणाची तरी पाठ रस्त्याकडे येणारच. आमच्या माणसाची पाठ? भर रस्त्याकडे? कोकिळाताई म्हणाल्या, सॉक्रेटिसची करा. मग भूपेंद्र सरांना तोही एकदम जवळचा वाटायला लागला.

जब्बारने मग कुणालाच विचारलं नाही. सात जणांची तोंडं रस्त्याकडे येतील असे ते अर्ध्या गोलात बसवले आणि गोल पुरा करायला पुढच्या मोकळ्या जागेत एक आठवा माणूस काढला. पाठमोरा. निळा सदरा, मांडी घातलेली, मान थोडी कलती.

"हा कोण?" रुपचंदभाऊंनी विचारलं.

"ऐकनारा," जब्बार म्हणाला. "सात जन बोली ऱ्हायनात. कोनी ऐकाले नको?"

पाठीला जात नसते, म्हणून तो पास झाला. आठ दिवसांत चित्र असं उभं राहिलं की भाजी घेऊन जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. अहिल्यादेवींनी काहीतरी विचारलंय, गाडगेबाबा हसतायत, खाज्या नाईक पुढे झुकलाय आणि सगळ्यांची नजर त्या पाठमोऱ्याकडे. चार महिन्यांत आम्हाला जी चर्चा जमली नाही, ती त्या भिंतीवर चालू होती. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी त्याने कोपऱ्यात हाताच्या बोटाएवढ्या अक्षरांत नाव टाकलं आणि अफरीनला फोन केला, पोरीला घेऊन ये.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा. रुपचंदभाऊ म्हणाले, थोरांच्या पायाशी कारागिराचं नाव शोभत नाही. चुडामण आबा म्हणाले, लोक काहीबाही बोलतील. काय बोलतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. भिंतीवर मलिक अंबर चालले, भिंतीखाली जब्बार चालेना. तीस वर्षं पोरींना समता शिकवणाऱ्या कोकिळाताईंनी हात वर केला. "हो हो, त्यात काय" म्हणणाऱ्या सरांनी खिडकीबाहेर बघत हात वर केला. चार महिने एका नावावर एकमत न झालेली ही माणसं पाच मिनिटांत एक झाली. मी लिहिलं: "चित्रावरील रंगाऱ्याचे नाव काढून टाकावे. ठराव सर्वानुमते मंजूर." मला त्या खोलीतल्या प्रत्येकाचा संताप आला होता. अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख आलं.

सकाळी निरोप द्यायलाही मीच. जब्बार भिंतीपाशी डबे आवरत होता. त्याने ऐकून घेतलं.

"कोन कोन हात वर करा?"

"सगळ्यांनी."

"तुमी बी, नाना?"

"मी फक्त लिहिलं," मी म्हणालो. जणू लिहिणाऱ्याला हात नसतात.

त्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, कोपऱ्यातलं नाव एका फटक्यात पुसलं. मग उठला आणि त्या पाठमोऱ्या माणसावर ब्रश फिरवायला लागला.

"अरे, हे कशाला? ठरावात नुसतं नाव आहे!"

"नाव नही चालनं, मंग मानूस कसाले बसाडू?"

तेव्हा मी नीट बघितलं. निळ्या सदऱ्याला डाव्या खांद्यावर ठिगळ काढलेलं होतं. जब्बारच्या अंगात तोच सदरा होता, तेच ठिगळ. आठ दिवस मी त्या चित्राचं कौतुक करत होतो आणि माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. बघता बघता सदरा गेला, मांडी गेली, कलती मान गेली. मी त्याचा हात धरायला हवा होता. धरला नाही.

त्या पांढऱ्या जागेत दुसरं कुणीतरी बसवा म्हणून कार्यकारिणीने दिवसभर डोकं लावलं. पण आपल्या माणसाची पाठ दाखवायला कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे ती तशीच राहिली. आता सातही जण माणूसभर पांढऱ्या डागाकडे बघत बोलतायत. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं, हेही आम्ही ठरवलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मी फाटकात हारांचं ताट घेऊन उभा होतो. समोरच्या कडेला जब्बार आला, नवा सदरा घालून. बोट धरून नात होती, मागे अफरीन. पोरीने भिंत बघितली आणि आजोबाला विचारलं, "नाना, आपने क्या बनाया?"

त्याने त्या पांढऱ्या जागेकडे बोट केलं. "यहाँ मैं बैठा था, बेटा."

"फिर उठ क्यों गए?"

जब्बारने माझ्याकडे बघितलं. मी हारांचं ताट घेऊन आत गेलो.